डबा प्रोटीनचा, तक्रार पोटाची

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठेतल्या ज्या खोल्यांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले राहतात, तिथे पुस्तकांच्या ढिगाशेजारी हल्ली एक मोठा काळा प्लास्टिकचा डबा दिसतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करणाऱ्यांकडे तो हमखास असतो. बाणेर-बालेवाडीत संध्याकाळी जिमला जाणाऱ्या आयटीतल्या नोकरदारांकडे असतो आणि अलीकडे सत्तरीच्या आजी-आजोबांच्या औषधांच्या टेबलावरही तो येऊन बसला आहे. डबे वेगळे, चवी वेगळ्या, किमतीतही बराच फरक. पोटाची तक्रार मात्र बहुतेकांची एकच असते. पावडर घेतली की तासा-दोन तासांत पोट डब्ब होते, गुडगुडते, वारा सरतो आणि अभ्यासिकेत किंवा मीटिंगमध्ये चारचौघांत बसणे अवघड होते.

या तक्रारीवर दोन सल्ले ठरलेले असतात. जिममधला प्रशिक्षक सांगतो, ‘सवय होईल, चालू ठेव.’ औषधाच्या दुकानात ‘गॅसची गोळी’ मिळते. मराठीत आपण ॲसिडिटी आणि गॅस हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, त्याचा हा परिणाम. ती गोळी बहुतेक वेळा जठरातले आम्ल कमी करणारी असते. पावडरीने होणारा वारा जठरात होत नाही. तो खूप खाली, मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंमुळे तयार होतो. आम्ल कमी केल्याने त्याला काही फरक पडत नाही. तरीही महिनोन्‌महिने रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी आणि संध्याकाळी पावडर, असा क्रम चालवणारी विशी-पंचविशीतली मुले थोडीथोडकी नाहीत. एका अनावश्यक गोष्टीचा त्रास झाकायला दुसरी अनावश्यक गोष्ट, असा हा प्रकार.

मुळात या डब्यात असते काय? बाजारात सर्वाधिक खपणारी पावडर ‘व्हे’ची. हा शब्द परका असला तरी पदार्थ ओळखीचा आहे. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगले की खाली जे हिरवट पाणी गळते, तेच व्हे. पुष्कळ घरांत ते कणिक मळायला वापरतात, नाहीतर ओतून देतात. चीज करताना हेच पाणी प्रचंड प्रमाणात उरते. ढोबळमानाने दहा किलो दुधापासून एक किलो चीज आणि नऊ किलो पाणी. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे २० टक्के या पाण्यात उतरतात. एकेकाळी जगभरच्या चीज कारखान्यांपुढे या पाण्याचे करायचे काय, हा प्रश्न होता, कारण नदी-ओढ्यात सोडले तर पाणी सडते. पुढे बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ते गाळून प्रथिने वेगळी काढण्याचे तंत्र आले आणि टाकाऊ पाणी चीजपेक्षा महाग विकले जाऊ लागले. पुण्याला हे लांबचे नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरला पराग मिल्क फूड्सचा चीज प्रकल्प आहे आणि ‘अवतार’ ही व्हे पावडर त्याच कंपनीची.

पण त्या पाण्यात प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त असते ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. पोट फुगण्याच्या तक्रारीतली पहिली आरोपी तीच. लॅक्टोज पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये लहानपण सरते तसे ते कमी होत जाते. हा आजार नव्हे, निसर्गाचा तो मूळ क्रम आहे. मोठेपणीही दूध सहज पचणे हाच खरे तर अपवाद, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळून दूध पिणाऱ्या समाजांत अधिक आढळतो. भारतात याबाबत उत्तर-दक्षिण असा ठळक फरक आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीत तपासलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना लॅक्टोज पचत नव्हते, तर दक्षिणेतल्या केंद्रांवर हेच प्रमाण सुमारे ६७ टक्के निघाले. पुण्याच्या पेठांत आणि हिंजवडीत तर देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेली मुले राहतात. त्यामुळे एकाच खोलीतल्या दोघांनी एकाच डब्यातली पावडर घेतली, एकाला काहीच झाले नाही आणि दुसरा रात्रभर कुशी बदलत राहिला, यात नवल नाही.

न पचलेले लॅक्टोज पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींमध्ये मिथेनही तयार होतो. शिवाय ही साखर आतड्यात पाणी ओढून घेते. गुडगुड, कळ आणि पातळ शौच यांचे मूळ त्यात आहे.

इथे थोडा हिशेब केला तर एक गंमत दिसते. व्हेची पावडर साधारण दोन प्रकारांत येते. ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये, त्यातल्या ८० टक्के प्रथिने असलेल्या प्रकारात, लॅक्टोज साधारण ४ ते ८ टक्के असते. ‘आयसोलेट’ अधिक गाळलेले असते, त्यात ते बहुधा एक टक्क्याच्या आत. म्हणजे ३० ग्रॅमच्या एका चमच्यात, कॉन्सन्ट्रेट असले तरी, लॅक्टोज जेमतेम एक ते अडीच ग्रॅम. ज्यांच्यात लॅक्टेज कमी आहे अशा बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज फारशा त्रासाशिवाय चालते. मग त्रास का होतो? कारण ही पावडर पाण्यात न घालता मोठा पेला भरून दुधात ढवळली जाते. ३०० मिलिलिटर दुधात १४-१५ ग्रॅम लॅक्टोज असते. म्हणजे दोष डब्याला दिला जातो आणि खरी साखर पेल्यातून येते. महागडे आयसोलेट घेऊन ते दुधात मिसळणारा माणूस जास्तीचे पैसे ज्या कारणासाठी मोजतो, तेच कारण स्वतःच्या हाताने रद्द करत असतो.

‘मास गेनर’ नावाच्या डब्यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक वाईट. वजन वाढवू पाहणारी किडकिडीत मुले हे डबे घेतात, कारण ते स्वस्त पडतात आणि डबा मोठा दिसतो. त्यात प्रथिने कमी आणि माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, स्किम मिल्क पावडर जास्त असते. स्किम मिल्क पावडरीत निम्मे वजन लॅक्टोजचे. एका वेळचे माप ३० ग्रॅमचे नसून ७५ किंवा १०० ग्रॅमचेही असते, आणि तेही पुन्हा दुधात. ज्याला लॅक्टोज पचत नाही अशा मुलाने हे सकाळी घेऊन लगेच १६०० मीटर धावायला मैदानावर जाणे म्हणजे पोटाशी उघड वैर.

‘मग वनस्पतीजन्य घेतो,’ असे म्हणून सोयाबीन किंवा वाटाण्याच्या पावडरीकडे वळणाऱ्यांची दुधातली साखर सुटते, पण कडधान्यांची साखर गाठते. रॅफिनोज, स्टॅकिओज ही तिची नावे. ती पचवणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतेच, त्यामुळे ती कोणालाच पचत नाही. वाल, पावटा, हरभरा वातूळ ठरले ते याचमुळे. आपल्या स्वयंपाकघराने त्यावर उपाय काढून ठेवले होते. रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकायचे, मोड आणायचे. मोड येताना दाणा यातली बरीच साखर स्वतःच खर्च करतो. हिंग-ओव्याची फोडणी वर असायचीच. कारखान्यात नीट शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये ही साखर फारशी उरत नाही, पण स्वस्त पावडरीत नुसते सोयाचे पीठ किंवा अर्धवट शुद्ध केलेला माल असला, तर तो न भिजवलेल्या डाळीसारखाच वागतो.

आता राहिले वरून घातलेले पदार्थ. पावडर दाटसर व्हावी म्हणून गवार गम किंवा झँथन गम, ‘फायबर’ म्हणून इन्युलिन, गोडीसाठी सुक्रालोज. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, त्यामुळे ते अगदी मिलिग्रॅममध्ये लागते. वारा धरण्याचा मोठा दोष त्याच्यावर ठेवायला आज तरी पुरेसा आधार नाही. इन्युलिन मात्र जिवाणूंचे आवडते खाद्य आहे, आणि ज्यांना आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा, म्हणजे आयबीएसचा त्रास आहे त्यांना थोडेसेही पुरते. प्रोटीन बार आणि ‘शुगर फ्री’ चॉकलेटांमध्ये माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असतात. ते अर्धवट शोषले जातात, पाणी ओढतात आणि उरलेले आंबते. दुपारी बार, संध्याकाळी पावडर घेणाऱ्याने आपले पोट कशाने फुगले हे ओळखायचे तरी कसे?

आणि काही दोष घेणाऱ्याचाही. शेकर जोरजोरात हलवून वर आलेला फेस एका दमात गटागटा पिणे म्हणजे हवा पिणे. एका चमच्याऐवजी दोन, व्यायामाआधी एक नि नंतर एक, असा डोस पहिल्याच दिवसापासून सुरू करणेही तसेच. एकदम आलेल्या जास्त प्रथिनांतला न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोचतो. व्हेमध्ये गंधक असलेली अमिनो आम्ले चांगल्या प्रमाणात असतात, त्यापासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात. नासक्या अंड्याचा वास याच वायूचा. जिममध्ये यावर विनोद होतात, मेसच्या खोलीत भांडणे. त्यातच पावडर घेणारा पोळी-भाजी कमी करतो, पाणी वाढवत नाही, कोठा जड होतो आणि साचलेला वारा अधिकच जाणवतो.

इथवरचे सगळे लेबल वाचून टाळता येण्यासारखे आहे. अडचण अशी की लेबल खरे असेलच असे नाही. केरळमधल्या राजगिरी रुग्णालयातील यकृततज्ज्ञ डॉ. सिरिअक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी केली. तिचे निष्कर्ष एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के पावडरींवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता. काहींत तर छापल्याच्या निम्मेच प्रथिन निघाले. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. नमुने ३६ च होते, त्यावरून सगळा बाजार मोजता येणार नाही. पण पोटाच्या दृष्टीने यातला अर्थ सरळ आहे. प्रथिन निम्मे असेल तर डब्यातली उरलेली जागा कशाने तरी भरलेली असणार. ते जे काही आहे ते लेबलवर नाही, आणि आतड्याला ते बरोबर कळते.

प्रथिने मोजण्याची जुनी पद्धतही या लबाडीला वाव देते. १८८३ साली डेन्मार्कच्या केल्डालने शोधलेल्या पद्धतीत प्रत्यक्ष प्रथिन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधतात. म्हणून ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त नायट्रोजनयुक्त द्रव्ये घातली की कागदावर प्रथिन वाढते. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळले गेले ते याच हिशेबाने. तिथे सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. भारतात हे डबे औषध म्हणून विकले जात नाहीत. ते अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात, त्यावर १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. औषधाला बाजारात येण्याआधी ज्या चाचण्यांतून जावे लागते, त्या या डब्याला लागू नाहीत. हे माहीत नसल्याने ‘दुकानात मिळते म्हणजे तपासलेलेच असणार’ असे घरोघरी गृहीत धरले जाते.

बरे, इतके सोसून ही पावडर घेण्याची गरज किती जणांना आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रे जाहीर केली. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी, असे स्पष्ट म्हटले आहे. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास हाडांची झीज आणि मूत्रपिंडाचा धोका संभवतो, हेही नोंदवले आहे. निरोगी मूत्रपिंडाच्या धोक्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र मूत्रपिंड आधीच अधू असलेल्यांबाबत, म्हणजे जुना मधुमेह-रक्तदाब असलेल्या त्याच आजी-आजोबांबाबत, ते फारसे नाहीत. भारतीय प्रौढासाठी शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम पुरतात. नियमित वजने उचलणाऱ्यालाही दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे जाऊन स्नायूंना अधिक फायदा होत नाही. तीन ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा मटकीची उसळ, दोन पेले दूध, मूठभर शेंगदाणे आणि दोन अंडी एवढ्यात ५५ ग्रॅमच्या आसपास मजल जाते. अंडी न खाणाऱ्याला सोयाबीनच्या वड्या आहेत. त्यांच्या कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमहून अधिक प्रथिन असते. हरभऱ्याची डाळ, फुटाणे, पनीर आहेतच.

प्रथिनांच्या कमतरतेचा बाऊ नवा नाही. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी जगावर ‘प्रथिन संकट’ येत असल्याचा अहवाल काढला होता. त्याला आकड्यांनी उत्तर देणाऱ्यांत एक ठळक नाव पुण्याशी जोडलेले आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेले डॉ. पां. वा. सुखात्मे रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते आणि पुढे पुण्यात येऊन त्यांनी काम केले. भारतातल्या आहार-पाहण्या तपासून त्यांनी दाखवले की पुरेसे पोटभर धान्य-कडधान्य खाणाऱ्यांत प्रथिनांची कमतरता क्वचित असते. खरी उणीव एकूण अन्नाची, म्हणजे उष्मांकांची असते. पोट अर्धे असेल तर शरीर प्रथिनच जाळून ऊर्जा काढते. पुढे, १९७४ मध्ये, डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रथिन-मोहिमेला जाहीर फजिती ठरवले. सुखात्म्यांचे नंतरचे काही सिद्धांत वादग्रस्त ठरले आणि गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकरांशी झालेला त्यांचा वाद पुणेकरांना ठाऊक आहे. पण हा मुद्दा टिकला.

तो आजच्या पेठेतल्या खोलीला जसाच्या तसा लागू पडतो. मेसचे एक वेळचे जेवण वाचवून त्या पैशांत पावडर घेणारा मुलगा दिवसाच्या अखेरीस उपाशी असतो आणि त्याने विकत घेतलेले महाग प्रथिन शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. ज्या दंडासाठी ते घेतले तिथे ते पोचत नाही. वाट्याला येतो तो फक्त वारा.

याचा अर्थ प्रथिनांची काळजी सगळीच खोटी, असा नाही. वयस्कर शाकाहारी माणसांच्या ताटात भात-पोळी भरपूर आणि आमटी पाणीदार, हे चित्र खरे आहे. दात नसलेले, आजारातून उठलेले, भाजलेले, कर्करोगाचे उपचार घेणारे यांना पावडरीचा उपयोग होऊ शकतो, पण तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या मापाने. आता मात्र लाट भलतीकडेच गेली आहे. ताक, लस्सी, बिस्किट, कुल्फी सगळ्यांवर ‘हाय प्रोटीन’ छापले जाते. जुलै २०२५ मध्ये तर मॅकडोनल्ड्सने पश्चिम आणि दक्षिण भारतात बर्गरमध्ये घालायला पाच ग्रॅम प्रथिनांचा सोया-वाटाण्याचा स्लाइस आणला, तोही म्हैसूरच्या सरकारी अन्न-तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात.

ज्यांना पावडर घ्यायचीच आहे आणि पोट फुगते, त्यांच्यासाठी तपासाचा मार्ग अवघड नाही. आधी आठवडाभर पावडर आणि बार दोन्ही पूर्ण बंद. त्रास थांबला तर अर्धा चमचा फक्त पाण्यात घेऊन पाहायचा, जेवणानंतर आणि सावकाश. तोवर त्रास नसेल तर दोष दुधाचा होता. पाण्यातही होत असेल तर घटकांच्या यादीत इन्युलिन, गम, दूध पावडर, माल्टिटॉल शोधायचे. एका वेळी एकच बदल, नाहीतर काहीच कळत नाही. लॅक्टेजच्या गोळ्या फक्त लॅक्टोजवर चालतात, सोयाच्या वाऱ्यावर नाहीत. दही-ताक मात्र बहुतेकांना चालते, कारण विरजणात लॅक्टोजचा काही भाग आधीच खर्च झालेला असतो आणि उरलेला पचवायला तेच जिवाणू मदत करतात. भरतीच्या मैदानी चाचणीला आठ दिवस राहिले असताना नवा डबा उघडू नये.

पावडर बंद करूनही पोट फुगतच राहिले, तर तो विषय डब्याचा नाही. वजन घटणे, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी असणे, संध्याकाळचा ताप यांपैकी काही सोबत असेल तर आतड्याचा क्षय, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार, आतड्याची सूज यांचा विचार करावा लागतो. पन्नाशीपुढच्या बाईचे पोट नव्याने आणि सतत फुगत असेल तर अंडाशयाची सोनोग्राफी लांबवू नये. यातले अनेक रुग्ण उशिरा येतात, कारण मधले सहा महिने ‘प्रोटीनमुळे होतंय’ म्हणण्यात गेलेले असतात.

डॉक्टरकडे जाताना डबा सोबत न्यावा. नुसते ब्रँडचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाखाली चार प्रकारच्या पावडरी विकल्या जातात. मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक पाहता आला, तर निदान लवकर होते आणि माल बनावट वाटल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायलाही तोच कागद लागतो. बहुतेक जण तो डबा धुऊन त्यात तांदूळ भरून ठेवतात.